बाराव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत बाळातलं व्यंग कळतं का?

काही कळतं, सगळं नाही. ही एनटी सोनोग्राफी ११ आठवडे ते १३ आठवडे ६ दिवस एवढ्याच काळात होते, तारीख चुकवू नका. बाळाच्या मानेमागे पाण्याची बारीक काळी पट्टी दिसते, ती मोजतात. ३.५ मिमीच्या वर गेली तर डाऊन सिंड्रोम (गुणसूत्रांमधला दोष) किंवा हृदयदोषाची शंका येते. शंकाच, निदान नव्हे! खात्रीसाठी वारेचा अंश किंवा गर्भजल तपासावं लागतं. कवटी न बनणं मात्र इथेच दिसू शकतं. बाळ नीट वळलेलं नसेल तर खोकायला किंवा जरा फिरून यायला सांगतात, घाबरू नका. सोबत डबल मार्कर ही आईच्या रक्ताची तपासणी करून घ्या. आणि ही सोनोग्राफी नॉर्मल आली तरी हृदय, मणका, किडन्या पाहण्यासाठी १८ ते २० आठवड्यांची अ‍ॅनोमली स्कॅन कराच.