नाव ‘इन्फ्रा’, पोटात टेलिकॉम

प्रश्न : जिकडे बघावं तिकडे पूल, मेट्रो, रस्त्यांची कामं चालू आहेत. बांधकाम कंपन्यांत पैसे असावेत म्हणून इन्फ्रास्ट्रक्चरचा ईटीएफ घेतला. नंतर यादी उघडली तर वरच रिलायन्स आणि एअरटेल! फसलो का?
– वाचक, सांगली

उत्तर : फसला नाहीत, पण ईटीएफ घेण्याआधी यादी उघडायला हवी होती. ईटीएफ म्हणजे एखाद्या निर्देशांकातले शेअर त्याच वाट्याने धरणारा आणि बाजारात शेअरसारखा विकला जाणारा फंड. निफ्टी इन्फ्रास्ट्रक्चर निर्देशांकात ३० कंपन्या आहेत, आणि ‘पायाभूत सुविधा’ या शब्दाची तिथली व्याख्या फार ऐसपैस आहे. टेलिकॉम, वीज, तेल, बंदरं, विमानसेवा, सिमेंट, इतकंच काय, हॉस्पिटलं आणि हॉटेलंसुद्धा त्यात बसतात. शिवाय कंपनीचा वाटा ठरतो तिच्या फ्री-फ्लोट बाजारमूल्यावर, म्हणजे प्रवर्तकांचे शेअर वगळून उरलेल्यांच्या किमतीवर. त्यामुळे रिलायन्स, एअरटेल आणि एल अँड टी या तिघांनीच चाळीस टक्क्यांहून अधिक जागा अडवलेली असते. यातली बांधकामाची म्हणावी अशी एल अँड टी, आणि खाली अल्ट्राटेकसारखे सिमेंटवाले. तुमच्या गावाजवळचा रस्ता करणारी मध्यम कंपनी यात शोधूनही सापडायची नाही.

तुमचा निफ्टी ५० चा फंड आधीपासून असेल तर हीच मोठी नावं तुमच्याकडे दोनदा झाली. दोन्हींच्या याद्या शेजारी ठेवून टक्केवारी जुळवा, दहा मिनिटांचं काम आहे. एनएसईच्या निर्देशांकांची एक पानी माहितीपत्रकं दर महिन्याला निघतात, पहिल्या दहा कंपन्या वाट्यासकट त्यात असतात.

प्रश्न : मग सरळ बिल्डरांचा, म्हणजे निफ्टी रिअल्टीचा ईटीएफ घ्यावा का? त्याचा पीई फार चढा दिसतो.
– वाचक, ठाणे

उत्तर : हा मात्र नावाला जागतो. कंपन्या फक्त १०. डीएलएफ, लोढा, गोदरेज प्रॉपर्टीज, प्रेस्टीज, ओबेरॉय वगैरे. फिनिक्स मिल्स त्यात आहे, पण तिची मुख्य कमाई मॉलच्या भाड्याची. दहाच कंपन्या म्हटल्यावर एकीला ठेच लागली की सगळा ईटीएफ लंगडतो. सेबीच्या नियमाप्रमाणे क्षेत्रीय ईटीएफच्या निर्देशांकात एका कंपनीचा वाटा ३५ टक्क्यांवर आणि वरच्या तिघींचा मिळून ६५ टक्क्यांवर जाऊ शकत नाही. या मर्यादेतसुद्धा गर्दी किती होऊ शकते ते बघा.

पीईचं, म्हणजे भाव नफ्याच्या किती पट आहे त्याचं म्हणाल, तर बिल्डरच्या बाबतीत तो आकडा दिशाभूल करतो. एप्रिल २०१८ पासून इंड-एएस ११५ हे हिशेबाचं मानक लागू झालं. तेव्हापासून बहुतेक बिल्डर विक्रीचं उत्पन्न ताबा देण्याच्या सुमारास दाखवतात. फ्लॅट आज बुक झाला, हप्ते तीन-चार वर्षं येत राहिले, तरी नफा उमटणार तो शेवटी. ज्या वर्षी टॉवर पुरे होतात त्या वर्षी नफा फुगतो आणि पीई स्वस्त दिसतो. बुकिंग जोरात पण ताबे थोडे, अशा वर्षी उलटं. म्हणून तिमाही निकालात दोन आकडे पाहा : नवीन बुकिंगची रक्कम आणि ग्राहकांकडून प्रत्यक्ष वसूल झालेली रक्कम. बुकिंग वाढतंय पण वसुली मागे पडतेय, तर बांधकाम रखडलंय का ते तपासा, कारण हप्ते स्लॅबच्या टप्प्यांना बांधलेले असतात. तिसरा आकडा निव्वळ कर्जाचा.

आणि एक जुनी जखम. हा निर्देशांक जानेवारी २००८ मध्ये शिखरावर होता. मार्च २००९ पर्यंत तो त्याच्या पाचव्या हिश्श्याच्याही खाली आला, आणि २०२४ च्या तेजीतसुद्धा ते शिखर परत दिसलं नाही. ‘थांबलं की भरून निघतं’ हे इथे सोळा वर्षांतही खरं ठरलेलं नाही. आमच्या मते एकूण शेअर गुंतवणुकीच्या पाच टक्क्यांपुढे यात जाऊ नये.

प्रश्न : ब्रोकरच्या ॲपवर ईटीएफच्या एक हजार युनिटची मार्केट ऑर्डर टाकली. स्क्रीनवर दिसलेल्या भावापेक्षा बरीच महाग पडली. ॲपची चूक?
– वाचक, अहिल्यानगर

उत्तर : ॲपने सांगितलं तेच केलं. मार्केट ऑर्डर म्हणजे ‘मिळेल त्या भावाने घ्या’. क्षेत्रीय ईटीएफमध्ये उलाढाल बेताची असते आणि विकणाऱ्यांची रांग आखूड. समजा आयएनएव्ही, म्हणजे आतल्या शेअरांच्या चालू भावांवरून निघणारी युनिटची किंमत, ९२.४० रुपये आहे. विकायला आहेत ९२.५५ ला ३०० युनिट, ९३.२० ला ४५०, आणि पुढची थेट ९५ ला. तुमची मार्केट ऑर्डर पहिल्या दोन पायऱ्या चाटून पुसून उरलेली २५० युनिट ९५ ने उचलते. एकूण ९३,४५५ रुपये. आयएनएव्हीने ९२,४०० झाले असते. १,०५५ रुपये, म्हणजे १.१४ टक्के, एका बटणापायी गेले. वर्षभराचा फंडाचा खर्चही बहुधा याहून कमी असतो.

आयएनएव्ही फंड कंपनीच्या वेबसाइटवर पाहा, शेअरांच्या ईटीएफचा तो आकडा १५ सेकंदांपेक्षा जास्त मागे राहू नये असा नियम आहे. मग त्याच्या जवळची लिमिट ऑर्डर, म्हणजे ‘या भावाच्या वर नको’ अशी, लावा, वरच्या उदाहरणात ९२.५५ ची. ३०० मिळाली तर मिळाली, बाकीची थांबू देत. सव्वानऊ ते साडेनऊ हात लावू नका, आतल्या शेअरांचेच भाव तेव्हा स्थिरावलेले नसतात. ॲपवरची ‘ईटीएफ एसआयपी’ लावताना ती मार्केट ऑर्डरने खरेदी करते का ते विचारा. करत असेल तर त्याच निर्देशांकाचा इंडेक्स फंड बरा, तो निदान एनएव्हीने, म्हणजे युनिटच्या दिवसअखेरच्या किमतीने मिळतो.

विकताना खरेदीदारच नसतील तर? एरवी गुंतवणूकदाराला फंड कंपनीशी थेट व्यवहार करता येतो तो २५ कोटींहून मोठा असेल तरच. पण बंद भाव सलग ७ व्यवहार-दिवस दिवसअखेरच्या एनएव्हीपेक्षा १ टक्क्याहून जास्त खाली राहिला, किंवा सलग ३ दिवस एक्स्चेंजवर भावच लागला नाही, तर छोट्या गुंतवणूकदारालाही थेट फंड कंपनीला युनिट परत देता येतात, एक्झिट लोड, म्हणजे बाहेर पडण्याचं शुल्क, न भरता.

प्रश्न : अमेरिकेतल्या घरबांधणीचा ईटीएफ इथून घेता येतो का?
– वाचक, पुणे

उत्तर : येतो, एलआरएसखाली, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली. तिथेही नावं फसवी. आयटीबी आणि एक्सएचबी हे तिथले दोन ईटीएफ. आयटीबीमध्ये डी. आर. हॉर्टन, लेनारसारख्या घरं बांधणाऱ्यांचा भार मोठा. एक्सएचबीमध्ये वाटे बरेचसे समान आणि सोबत होम डेपो, लोव्ज ही दुकानंही. आर्थिक वर्षात १० लाखांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ वसूल होणारा कर, कापते, तो विवरणपत्रात वळता होतो. लाभांशावर तिकडे २५ टक्के कापले जातात. नफ्यावरच्या करासाठी दीर्घ मुदत १२ नव्हे, २४ महिन्यांनी सुरू होते. आणि विवरणपत्राच्या शेड्यूल एफएमध्ये, म्हणजे परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, ही गुंतवणूक दाखवायची ती जानेवारी ते डिसेंबर या हिशेबाने, एप्रिल-मार्चच्या नव्हे. गोंधळ नेमका तिथेच होतो.