तवंग नाही, म्हणून पाणी शुद्ध?

प्रश्न : शेजारच्या जुन्या भूमिगत पेट्रोल टाकीतून गळती झाल्याची शंका आहे, पण आमच्या विहिरीवर तवंग नाही. तरीही तपासणी हवी का?

उत्तर : होय, हवीच. पेट्रोल पाण्याहून हलके असल्याने भूजलावर तरंगते. परंतु त्यातील बेंझिन हे कर्करोगकारक रसायन पाण्यात विरघळून, डोळ्यांना न दिसता, प्रवाहाबरोबर पुढे सरकते. म्हणून टाकीच्या तळाजवळची आणि नळजोडांखालची माती तपासून, एका रेषेत नसलेल्या किमान 3 निरीक्षण विहिरी (भूजलाची पातळी व नमुने तपासण्यासाठीची अरुंद छिद्रे) घ्याव्या लागतात, कारण त्यांतील पाण्याच्या पातळ्यांवरूनच प्रवाहाची दिशा कळते. त्यांची, पाणी आत येऊ देणारी जाळीदार नळी भूजलपातळीच्या वर आणि खाली दोन्हीकडे असावी. अन्यथा तरंगता थर हुकतो, आणि ही चूक मला सर्वांत घातक वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यातील बेंझिनसाठी लिटरला 10 मायक्रोग्रॅम ही मर्यादा सुचवली आहे. अहवाल येईपर्यंत कृपया ते पाणी पिऊ नका.