रात्री माळ्यावर कुणीतरी धावतं, उंदीर नक्की नाहीत. काय असेल आणि कसं घालवायचं?

उंदीर नाहीत म्हणताय ना? मग उदमांजर. घूस जमीन उकरत बसते, ती माळ्यावर कशाला कडमडेल?

इतक्या ठामपणे सांगते, कारण यावरून आमच्या एरंडवण्याच्या घरात झालेलं भांडण अजून मिटलेलं नाही. जुनं कौलारू घर, मागे चिकू, कुंपणाला भेरली माड. पहिली तक्रार सासूबाईंची आणि तीही आवाजाची नाही, वासाची. "रात्री दोनला आंबेमोहर कुणी लावलाय गं?" खरंच भात शिजल्यासारखा वास येत होता आणि गॅस बंद. उदमांजराच्या अंगाला तो येतो. माझं माहेर देवरुखचं, मला सांगायला कुणी लागत नाही.

पण विचारतंय कोण! मोठे दीर डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट, एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात बॅडमिंटनची रॅकेट अशा थाटात शिडी चढले. झडप ढकलून डोकं वर काढलं आणि तिथेच थिजले. तुळईवर ते बसलेलं. करडं अंग, त्यावर काळे ठिपके, धडाइतकीच लांब शेपूट खाली सोडलेली. त्याने भाऊजींकडे पाहिलं, तोंडातला चिकू शांतपणे संपवला आणि कौलांच्या फटीतून निघून गेलं. भाऊजी त्याच्या आधी खाली पोचले.

"बिबट्याचं पिल्लू! जुन्नरकडून आलंय!" सकाळी गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'मुलांना बाहेर सोडू नका'. शेवटी मीच 1926 ला, वनखात्याच्या हेल्पलाइनला, फोन लावला. आलेल्या माणसाने पाण्याच्या टाकीच्या झाकणावरची विष्ठा काडीने उकरली. आत चिकूच्या अख्ख्या बिया, काळ्या तकतकीत. "बिबट्या चिकू खात नाही, साहेब." यावर भाऊजी म्हणाले, "बिया दुसऱ्या कुणाच्या असतील."

आता तुमचं. मुळात घालवायचं कशाला? फळांबरोबर उंदीरही खातं ते, फुकटात. आवाज अगदीच सहन होत नसेल तर अंधार पडल्यावर ते बाहेर गेलं की फटीला जाड जाळी ठोका, छपरावर टेकलेली फांदी छाटा, मांजराची वाटी रात्री अंगणात ठेवू नका. विष आणि पिंजरा या दोन गोष्टी डोक्यातून काढा. 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे, आणि माळ्यावर मेलं तर जो वास सुटेल तो आंबेमोहराचा नसेल. आमच्याकडे पिंजरा आला होता (कुणी आणला ते सांगायला नको). मी लावू दिला नाही, सध्या त्यात कांदे ठेवतो.

हो, एक राहिलंच. जाळी ठोकायच्या आधी वर पिल्लं नाहीत ना ते बघा. असली तर ती मोठी होऊन बाहेर पडेपर्यंत कळ काढा, नाहीतर आई कौलं उचकटून आत शिरेल. आणि बिबटे खरोखरच फिरतात अशा भागात राहत असाल तर माझ्या भरवशावर शिडी चढू नका, आधी 1926 लावा. भाऊजी, ही सूचना जुन्नरवाल्यांसाठी आहे, तुमच्यासाठी नाही.