क्लासच्या गाडीत जमतं, घरच्या गाडीत का बंद पडते?

क्लासमध्ये सगळं जमत होतं, लायसन्सही मिळालं आणि आता घरची गाडी सिग्नलला चढावर बंद पडते, मागे सरकते, मागचे हॉर्न मारतात, असं तुम्ही लिहिलंय. माझं अगदी हेच झालं होतं म्हणून सविस्तर लिहितेय.

गिअर, आरसे वगैरे तुम्हाला येतंच, ते सोडते. एक आठवून बघा, क्लासच्या सरांचा पाय कुठे असायचा? शिकाऊ गाडीत त्यांच्या बाजूलाही क्लच-ब्रेक असतात, नियमच आहे तो आणि योग्यच आहे. पण आमच्या सरांचा पाय कायम त्या क्लचवर, गाडी थरथरली की तेच अलगद दाबायचे आणि मला वाटायचं गाडी मीच उचलली. म्हणजे हाफ क्लच, क्लच अर्धवट सोडल्यावर गाडी ओढायला लागते ती जागा, माझ्या पायाला कधी कळलाच नाही! चढावर उचलायला शिकवा म्हटलं तर "मॅडम, टेस्टला आठ काढता आला की झालं". एका गाडीत तिघं, निम्मा वेळ एकमेकांना घरून घेण्यात आणि सोडण्यात. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत अशा कोर्ससाठी किमान २१ दिवस आणि प्रत्यक्ष ड्रायव्हिंगचे १० तास सांगितलेत, ते दाखवून तास मागितले तर म्हणे नवीन फी भरा. सर्टिफिकेट मात्र सही-शिक्क्यासकट तयार. अजून संताप होतो.

आता उपाय. मी इन्स्ट्रक्टर नाही, तेव्हा शेजारी मुरलेलं कुणीतरी बसवाच. रिकाम्या सपाट मैदानात फर्स्ट टाकायचा, ॲक्सिलरेटरला पाय लावायचाच नाही, क्लच इतका हळू सोडायचा की गाडी स्वतःहून सरकेल. तिथे पाय थांबवायचा, परत दाबायचा, परत सोडायचा. कंटाळा येईपर्यंत हेच. प्रत्येक गाडीचा क्लच वेगळ्या उंचीवर पकडतो, म्हणून क्लासच्या गाडीचा अंदाज इथे लावू नका. ते जमलं की सौम्य चढ: हँडब्रेक ओढलेला, थोडा ॲक्सिलरेटर, क्लच सोडत यायचा, इंजिनचा आवाज जड झाला आणि बॉनेट किंचित उचललं की मगच हँडब्रेक खाली. सिग्नलला हाफ क्लचवर गाडी धरून ठेवू नका, प्लेट जळते, वास येतो, आणि खर्च चांगलाच बसतो.

काही जण सांगतील ऑटोमॅटिक घ्या. घरात चांगली गाडी असताना कशाला? माझं मत हं, पैसे तुमचे.

सीट पुढे घ्या, क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला हवा, बुटक्या ड्रायव्हरांचं निम्मं दुखणं इथेच असतं. आणि खंबाटकी-बिंबाटकीच्या घाटात इतक्यात जाऊ नका, गेलातच तर उतारावर न्यूट्रल अजिबात नको, ज्या गिअरात चढतो त्याच गिअरात उतरायचं.

गाडी पेट्रोल आहे का डिझेल ते लिहा, पेट्रोलला चढावर ॲक्सिलरेटर जरा जास्त द्यावा लागतो, त्याप्रमाणे सांगते.