चौदा ओळींत न मावलेली जोखीम

प्रश्न : मी पहिल्यांदाच प्रोजेक्ट मॅनेजर झाले आहे. सुरुवातीला आम्ही रिस्क रजिस्टर, म्हणजे जोखमींची यादी, भरलं : 'डेडलाइन चुकणे', 'बजेट वाढणे', 'माणसं सोडून जाणे'. बरंचसं मागच्या प्रोजेक्टमधून उचललेलं. मीटिंगमध्ये "अजून काही जोखीम?" विचारलं तर सगळे गप्प. पुढे जे उपटलं ते यादीत कुठेच नव्हतं. जोखीम आधी ओळखायची तरी कशी?

उत्तर : उचललेली यादी आम्हीही वापरतो, फक्त कबूल करत नाही. पण 'डेडलाइन चुकणे' ही जोखीम नव्हे, तो परिणाम झाला. ओळीत कारण हवं. 'डेटाबेसचं काम एकट्यालाच येतं. तो रजेवर गेला तर चाचणी थांबेल' असं लिहिलंत की दुसऱ्या कुणाला तरी शिकवायला हवं, हे त्या ओळीतच दिसतं.

आता माझी फजिती सांगते. जुन्या बिलिंग सिस्टिममधला डेटा नव्या सिस्टिममध्ये न्यायचा होता. माझ्या रजिस्टरमध्ये 14 जोखमी, लाल-पिवळ्या-हिरव्या रंगवलेल्या. शनिवारी रात्री सहा तासांत काम आटपायचं होतं. सहा तास उलटले तरी निम्मा डेटासुद्धा गेला नव्हता. चाचणी आम्ही दहा टक्के डेटावर घेतली होती, तीही भरदुपारी, आणि लागलेल्या वेळेला सरळ दहाने गुणलं होतं. रात्रपाळीचा ऑपरेटर शांतपणे म्हणाला, "मॅडम, एक वाजता बॅकअप सुरू होतो. तेव्हा सगळंच रांगतं. मला कुणी विचारलं नाही." खरंच, तो एकाही मीटिंगला नव्हता.

तेव्हापासून मी जोखमींच्या आधी गृहीतकांची यादी करते. आपण काय काय धरून चाललो आहोत? नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान 1999 साली मंगळाशी पोचून हातचं गेलं, कारण एका सॉफ्टवेअरने थ्रस्टरच्या (यानाची दिशा सुधारणाऱ्या छोट्या इंजिनांच्या) धक्क्याचे आकडे पौंडांच्या हिशेबात दिले आणि पुढच्याने ते न्यूटनचे धरले. मार्गात काहीतरी गडबड आहे, अशी शंका काहींना आली होती. ती नीट वरपर्यंत गेली नाही.

तुमच्या टीमच्या गप्प बसण्यावर गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाची 'प्रीमॉर्टेम' ही युक्ती करून पाहा. 2007 साली त्यांनी ती हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये मांडली. सगळ्यांना सांगायचं : प्रोजेक्ट बुडाला, साफ बुडाला. का बुडाला, ते काही मिनिटं न बोलता लिहा. मग एकेकाने एकेक कारण वाचायचं. एरवी शंका काढणारा अपशकुनी ठरतो. इथे बुडालंच आहे म्हटल्यावर कारण सांगायला कुणी बिचकत नाही. तुम्ही मात्र शेवटी वाचा. साहेबाने आधी वाचलं की सगळ्यांच्या चिठ्ठ्या साहेबासारख्या होतात. आणि रात्रपाळीवाल्याला बोलवा.

बहुतेक चिठ्ठ्या एकसारख्याच निघतील. वेगळी निघेल ती बाजूला ठेवा आणि लिहिणाऱ्याला नंतर एकटं गाठा. आमच्याकडे एका चिठ्ठीवर एवढंच होतं : 'सर्व्हरचं सर्टिफिकेट कुणाच्या नावावर आहे?' शोधलं, तर सर्व्हरची ओळख पटवणारं ते डिजिटल प्रमाणपत्र नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या ईमेलवर होतं. त्याची मुदत गो-लाइव्हच्या, म्हणजे सिस्टिम प्रत्यक्ष सुरू होण्याच्या, दोन दिवस आधी संपत होती.