मेक्सिकोचा नेता आणि सीमेवरचं शहर, दोघांचं एकच नाव कोणतं?

हुआरेस. आधी माणूस, मग शहर.

बेनितो हुआरेस १८०६ साली ओआहाकामधल्या एका खेड्यात सापोतेक आदिवासी कुटुंबात जन्मले. आईवडील लहानपणीच गेले. स्पॅनिश भाषाही नंतर शिकले, वकील झाले आणि १८५८ पासून १८७२ मध्ये मृत्यू येईपर्यंत राष्ट्राध्यक्ष राहिले. मला हा प्रवास विलक्षण वाटतो.

फ्रेंच फौजांनी देश व्यापला, तेव्हा सरकार घेऊन ते उत्तरेला सरकत गेले, थेट नदीकाठच्या पासो देल नोर्तेपर्यंत. पलीकडे अमेरिका होती, तरी सरकार त्यांनी मेक्सिकोच्याच मातीवर ठेवलं. त्याची आठवण म्हणून १८८८ मध्ये त्या गावाचं नाव सिउदाद हुआरेस झालं. ‘सिउदाद’ म्हणजे शहर. समोरच्या काठावर टेक्सासमधलं एल पासो आहे.