पुणे जिल्ह्यातल्या खेड्यात शेतकरी घरातल्या बाईने कोणता उद्योग सुरू करावा? भांडवल किती लागतं?

दादा, तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की बायकोला काहीतरी घरगुती सुरू करून द्यायचंय, ती फारशी शिकलेली नाही, पण कच्चा माल घरचाच असल्यामुळे खर्च असा येणार नाही. त्या शेवटच्या वाक्यासाठी लिहायला बसले. याच एका वाक्यावरून आमच्या घरात भांडी वाजली आहेत.

आम्ही पुरंदरचे. अंजीर थोडं, सीताफळ जास्त. सीताफळ थांबत नाही. फळाचे डोळे उघडले, म्हणजे खवल्यांमधल्या फटी रुंदावल्या, की तोडायचं आणि दोन-तीन दिवसांत खपवायचं. हंगाम भरात आला की सासवडच्या बाजारात क्रेटवर क्रेट चढतात आणि भाव बसतो. बारक्या मालाचं तर पुण्याच्या गुलटेकडी बाजारापर्यंतचं भाडंही निघत नाही. त्या बारक्या मालाचा गर काढून विकायचं मी आणि धाकट्या जावेने ठरवलं. जॅमच्या फंदात पडलो नाही, सीताफळाचा गर तापवला की कडवट होतो. फळ अंगठ्याने उकलायचं, चमच्याने गर काढायचा, बिया वेगळ्या करायच्या आणि काळा पडायच्या आत पिशवीत भरून उणे 18 अंशांखाली गोठवायचा. पुण्यातले मस्तानीवाले, आइस्क्रीमवाले, लग्नात रबडी करणारे केटरर वर्षभर घेतात.

पहिला हंगाम चांगला गेला. पैसे आले तसे धाकटे दीर ओट्यावर बसून म्हणाले, "वहिनी, फळ आपलं, वीज आपली, राबणाऱ्या तुम्ही घरच्याच. म्हणजे पैसे घरातच आले की!" ट्रॅक्टरचा हप्ता थकला होता, सगळे पैसे तिकडे वळले. पुढच्या हंगामाला पिशव्या आणायला आमच्याकडे रुपया नव्हता, आणि गावात बोभाटा काय, तर यांचा धंदा बसला.

मग मी घरचंच फळ विकत घ्यायला लागले. रोज सकाळी सासवडच्या आडत्याला फोन करून बारक्या मालाचा भाव विचारायचा, तेवढे पैसे आमच्या बचत गटाच्या खात्यातून सासऱ्यांच्या खात्यावर टाकायचे आणि वहीत पट्टी, म्हणजे माल आणि भावाची पावती, लिहून त्यावर त्यांची सही घ्यायची. सून सासऱ्याकडून माल विकत घेते म्हणून घरात तमाशा झाला. सासूबाईंनी अबोला धरला. पण मालाचे पैसे चुकते झाल्यावर उरलेल्याला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. आम्हा दोघींची मजुरीही गावातल्या खुरपणीच्या दराने लिहायला लागलो. तेव्हा कुठे खरा हिशेब दिसला. मोठ्या फळाचा गर करणं तोट्याचं होतं, ते तसंच बाजारात गेलेलं बरं. नफा फक्त बारक्या आणि डागी मालात. फळ फुकट धरलं असतं तर हे जन्मात कळलं नसतं.

त्यामुळे कोणता उद्योग हा प्रश्न दुसरा. पैसा कुणाच्या खात्यात पडणार, हे आधी ठरवा. पापड-लोणची तेवढी नकोत, प्रत्येक बचत गटाकडे तोच माल आहे. डिसेंबरात पुण्यात सिंचननगरला भीमथडी जत्रेत स्टॉल जरूर लावा, ओळखी होतात, पण त्या गल्ल्याला धंदा म्हणू नका.

भांडवलाचं म्हणाल तर ते मशिनरीवर आहे. केंद्राच्या पीएमएफएमई, म्हणजे छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांच्या, योजनेत प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख अनुदान आहे, पण ते हातात पडत नाही, कर्जखात्यात वळतं होतं. गटातून केलं तर प्रत्येक सदस्यामागे 40,000 रुपयांपर्यंत बीजभांडवल आहे. योजनेची आजची स्थिती तालुका कृषी कार्यालयात विचारा. आम्ही कर्जाला गेलो तर बँकेतल्या साहेबांनी आधी सातबारा मागितला, आणि त्यावर आम्हा दोघींपैकी कुणाचंच नाव नव्हतं. 1992 पासून लक्ष्मीमुक्तीची सोय आहे, नवऱ्याने तलाठ्याकडे अर्ज केला की बायकोचं नाव लागतं. ते करायला तुमचे किती पैसे जाणार? आमच्या यांनी केलं, भाऊजींचं अजून 'बघू' चाललंय.

आणि शिकलेली नाही हे कारण सांगू नका. साताऱ्याकडच्या म्हसवडच्या माणदेशी महिला बँकेचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने बायका निरक्षर आहेत म्हणून परत पाठवला होता. त्या अक्षरं शिकल्या, 1997 ला बँक उभी केली.

एक सांगायचं राहिलं, आमचे हे माझ्या बाजूने होते म्हणून पट्टीचं जमलं. नवराच विरोधात असेल तर वही लपवून ठेवावी लागते, तो मार्ग वेगळा. आणि तुम्ही विभक्त राहत असाल तर यातलं निम्मं तुम्हाला लागू नाही.

फ्रीजर घेण्याआधी वीज बघा. वस्ती शेतीच्या फीडरवर असेल तर रात्री लाइट गेली की गर गेला. आमचा फ्रीजर गावठाणात भाऊजींच्या खोलीत आहे. त्या खोलीचं भाडं ते दर महिन्याला मोजून घेतात.